तिसरा उद्गार

९ मार्च, रविवार

मला तिसरा उद्गार दिला.

उपासना संपल्यावर शेषेराव काकांनी दारातच गाठलं. मंडळीचे, म्हणजे आमच्या चर्चचे, सेक्रेटरी ते. उत्तम शुक्रवारी, गुड फ्रायडेला, कोण काय बोलणार हे ठरवायचं काम त्यांच्याकडं. वधस्तंभावर येशू सात वाक्यं बोलला, म्हणून सात वक्ते, बारा ते तीन. तिसरं वाक्य दरवर्षी बाईला देतात. येशू आईला आपला शिष्य दाखवतो आणि म्हणतो, आता हा तुझा मुलगा. ते.

"औंदा तुम्ही बोला," काका म्हणाले. "त्याच्यावर तुमच्याइतकं कोण बोलणार?"

त्यांना वाटलं, आपण मान देतोय. योएल जाऊन सात महिने झाले. एकोणीस वर्षांचा, एकुलता एक. आणि माझ्या हातात हे वाक्य — एक गेला, हा घे दुसरा.

घरी येऊन यांना सांगितलं. हे म्हणाले, "नको बोलूस मग." परत पेपरात तोंड. यांचं सगळं इतकं सोपं असतं.

१२ मार्च

दिवसभर चिंच फोडली. आठ माणसांना वर्षभर पुरेल एवढी. आम्ही दोघं.

१६ मार्च, महिला रविवार

बायकांनी उपासना चालवायची आणि पुरुषांनी मागच्या बाकावर बसून चहाची वाट बघायची, हा तो दिवस. 'प्रेरणादायी स्त्रिया' यावर भाषण ठेवलं होतं. केलं कुणी? शेषेराव काकांनी.

बायबलातली एस्तेर झाली, रूथ झाली, हन्ना झाली. मग साहेबाच्या देशातून आलेली कुणी डॉक्टरीण. शेवटी नेहमीप्रमाणे गंगम्माबाई. त्या दुसऱ्या बाकावर बसल्या होत्या. मिशनच्या बायबल-बाई होत्या त्या. पिशवीत शुभवर्तमानाच्या पुस्तिका घालायच्या आणि एसटीनं, पायी, निलंग्यापासून औरादपर्यंतची खेडी हिंडायच्या. बायकांना अक्षरं शिकवायच्या. मलाही त्यांनीच शिकवली, संडे स्कूलमध्ये.

त्यांची गोष्ट मी परकरात होते तेव्हापासून ऐकते. मुलगी गेली, पाच वर्षांची, गोवरानं. "कबरीवरची माती ओली होती हो," काका इथं आवाज खाली आणतात, "आणि तिसऱ्या दिवशी ही माउली पिशवी उचलून प्रभूच्या सेवेला निघाली."

लहानपणी अंगावर काटा यायचा. आज काका बोलता बोलता माझ्याकडं बघत होते. मग सगळ्यांनीच बघितलं. सात महिन्यांत मी रविवारची उपासना आणि पिठाची गिरणी सोडून कुठं गेले नाही, हे सगळ्यांना माहीत आहे.

गंगम्माबाई मान खाली घालून पदराचा काठ चाळत होत्या. "किती नम्र," शेजारची म्हणाली. मला त्यांचा राग आला. तिसऱ्या दिवशी! बाई आहे का दगड?

२३ मार्च

चर्चच्या पाळकसाहेबांकडं गेले. म्हटलं, मला तिसरा नको, चौथा द्या. चौथ्यात येशू स्वतः विचारतो, देवा, मला का सोडलंस. मला तेच विचारायचं आहे.

ते चष्मा पुसायला लागले. "चौथा वीरण्णा सरांचा असतो, ताई. हेडमास्तर होते तेव्हापासून. तो जड आहे, तिथं जरा अभ्यास लागतो."

"तिथं लेकरू गेलेलं लागतं," मी म्हटलं.

मग हळूच, "लोकांचा गैरसमज व्हायचा. वाटेल, ताई देवाला जाब विचारून राहिल्या."

"विचारूनच राहिले."

"प्रार्थना करू आपण यावर," म्हणाले.

माणूस वाईट नाही. लातूरला दवाखान्यात आमच्यासोबत फरशीवर बसून होते. पण तो रविवार विसरता येत नाही. योएलला डेंग्यू. प्लेटलेट वाढल्या, असा फोन सकाळी मीच त्यांना केला. त्यांनी लगेच पुलपिटावरून सांगितलं आणि सगळी मंडळी उभी राहून उपकारस्तुती गायली. कुणीतरी मला फोनवर ऐकवली. मी फोन योएलच्या कानाला लावला. तो हसला. म्हणाला, "वीरण्णा सर बेसूर हायत गं अजून."

मंगळवारी गेला.

त्या उपकारस्तुतीचं काय करायचं, ते आजपर्यंत कुणी सांगितलं नाही. दिलेले आभार परत मागता येतात का? की ते तसेच जमा?

३० मार्च

गंगम्माबाई आल्या. फडक्यात गरम ज्वारीची भाकरी, वर लसणाची चटणी. पाळकसाहेबांनीच पाठवलं असणार.

"तिसराच घे गं," म्हणाल्या. "चार वाक्यं बोल आन् उतर. त्यांना तेवढंच पायजे असतंय."

"तुम्ही इतकी वर्षं कशा बोललात त्याच्यावर?"

"पाठ होतं."

"आणि चौथा?"

"वीरण्णाचा? त्याच्या चौथ्याला तर प्रभू पण घड्याळ बघत आसंल."

हसू आलं मला. कितीतरी दिवसांनी. मग लगेच चीड आली. बाईंचं काय जातंय थट्टा करायला! यांचं सगळं तिसऱ्या दिवशी मिटलंय.

"मला तुमच्यासारखं जमणार नाही, बाई," मी म्हटलं. जरा टोचेल असंच म्हटलं.

त्यांनी माझ्याकडं बघितलं. काहीतरी बोलणार होत्या. मग नुसतं, "भाकर गार होऊन राहिली, खा," म्हणून उठल्या.

६ एप्रिल

चौथा वीरण्णा सरांचाच. तिसऱ्याला माझं नाव जाहीर केलं. विचारलंसुद्धा नाही.

१३ एप्रिल, झावळ्यांचा रविवार

शिंदीच्या झावळ्या घेऊन लेकरं चौकापर्यंत होसान्ना म्हणत गेली. ऊन मी म्हणत होतं. मी गेटातूनच परत फिरले. येशूचं स्वागत करणारी हीच गर्दी आठवड्याच्या आत 'वधस्तंभावर खिळा' म्हणून ओरडली, ते या दिवशी लेकरांना कुणी सांगत नाही.

१८ एप्रिल, उत्तम शुक्रवार

बोलले.

पांढरी साडी नेसले. हेही आले, कधी नव्हे ते पुढच्या बाकावर बसले. लाइट गेली होती, बायका गीतांच्या पुस्तकानं वारा घालत होत्या. पहिला उद्गार झाला, दुसरा झाला. माझं नाव घेतलं.

वर गेल्यावर कागद उघडलाच नाही. म्हटलं — तिसरं वाक्य मला दिलंय. त्याच्यावर मला एवढंच बोलायचं आहे की मरियेला कुणी विचारलं नाही. दुसरा मुलगा पाहिजे का, असं नाही विचारलं. ती काय म्हणाली तेही कुणी लिहून ठेवलं नाही. मला पुढचं वाक्य पाहिजे होतं, ते दिलं नाही, म्हणून इथूनच विचारते. देवा, तू मला का सोडलंस? न्यायचंच होतं तर रविवारी आमच्याकडून आभार कशाला घेतलेस? आमचा विश्वास तुझ्यावर होता. माझा आता नाही.

आणि उतरले.

मला वाटलं, कुणीतरी उठून जाईल. निदान रागवेल. पाळकसाहेब खाली बघत होते. मग मागून कुणीतरी म्हणालं, "आमेन." मग आणखी कुणीतरी. मग सगळेच. बायका रडायला लागल्या.

आमेन कशाला?

वीरण्णा सर उठले आणि चौथ्यावर दरवर्षीचं सगळं बोलले. मूळ भाषेतल्या शब्दांचा अर्थ सांगितला. देवाचं सोडणं हे खरं सोडणं नव्हे, हे मुद्दे घालून सिद्ध केलं. गंगम्माबाई तेवढ्या माझ्याकडं बघत होत्या. डोळे कोरडे.

१९ एप्रिल

काकांचा फोन.

"काय साक्ष दिलीत, ताई! लोक अजून बोलून राहिलेत."

"साक्ष नव्हती ती, काका. माझा विश्वास नाही म्हटलं मी."

"तेच तर! एवढं मोकळं बोलायला केवढा विश्वास लागतो." मग म्हणाले, पुढच्या महिला रविवारी माझा सत्कार ठरतोय. प्रेरणादायी स्त्रियांमध्ये. गंगम्माबाईंच्या शेजारी खुर्ची.

म्हटलं, मला नको. तर हसले. "बघा, किती नम्र."

फोन ठेवला. आता मी काहीही म्हटलं तरी ते आमेनच म्हणणार. उद्या ईस्टर. पहाटे सगळे कबरस्तानात जातात, आपापल्या माणसाच्या कबरीवर मेणबत्ती लावतात. मी जाणार नाही. तिथंही मला बघायला उभे राहतील.

२० एप्रिल

उजाडायच्या आधीच गंगम्माबाई दारात. "चल."

म्हटलं, "माझ्यात काही उरलं नाही, बाई. मी तुमच्यासारखी तिसऱ्या दिवशी सेवेला जाणारी नाही."

पायरीवर बसल्या. "सेवेला कुठलं गं. जो यील तो प्रभूची इच्छा सांगून राहिला होता. पळून गेले मी. औरादच्या अलीकडं बेगमबी होती, बांगडीवाली. तिच्या घरी पडून राहिले. ती मापानं बांगड्या निवडायची, मी पण बसून निवडायची. तिनं काय विचारलं न्हाई. मी पिशवी उघडली न्हाई. माघारी आले तर हितं गोष्ट तयार."

"मग सांगितलं का नाही कुणाला?"

"सांगितलं की. आमेन म्हणले."

त्या गुडघ्यावर हात देऊन उठल्या. "इश्वास आसू दे, नसू दे. पोरं तिथं हायत."

मी चपला घातल्या.