अप्पांच्या बेलाखालचं खुराडं

अप्पा, तुमच्या बागेत कोंबड्या आहेत. चार. ज्या बेलाखाली तुम्ही चपला काढून उभे राहायचात आणि पूजेसाठी एकेक पान निरखून घ्यायचात, त्याच्या बुंध्याशी आता खुराडं आहे. तुमचं पोथ्यांचं कपाट आडवं पाडून त्याला जाळी ठोकली. पोथ्या आधी काढून ठेवल्या, तेवढी काही मी नीच नाही. पण तुम्हाला राग यावा, असं मला अगदी मनापासून वाटतं.

कोंबड्या मी आणल्या नाहीत. धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशी मोडनिंबला लेकीच्या बाळंतपणाला निघाल्या होत्या. सकाळीच डोक्यावर डालगं घेऊन दारात उभ्या. "ताई, आठ दिस ठिवा की. घरमालक लई कटकट करतोय. तुमची बाग नुसती पडलीया." 'आमच्याकडे हे चालत नाही' हे तुमचं वाक्य माझ्या ओठांवर आलंच होतं, अगदी तुमच्याच आवाजात. माझाच मला संताप आला. "ठेवा," म्हटलं. आठ दिवसांचे दोन महिने झाले.

तुम्हाला आठवत नसेल. मी नऊ वर्षांची आहे. गड्ड्याच्या जत्रेतून गुलाबी रंगवलेलं एक पिल्लू फ्रॉकच्या ओच्यात लपवून आणलंय, आणि कुठं ठेवावं ते न सुचून तुमच्या फुलांच्या परडीत ठेवलंय. तुम्ही गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन पूजेला बसता, परडी पुढं ओढता. तुम्ही ओरडत नाही. ते पिल्लू चिमटीत धरून कुंपणापलीकडे टाकता. तिकडं शेजारचं मांजर बसलेलं असतं, ते तुम्हाला दिसतं. आई स्वयंपाकघराच्या दारातून "ब्याडरी, ब्याडरी" म्हणते. घाबरली की ती कन्नडातच 'नका हो, नका' असं विनवायची. तुम्ही मला हौदावर नेऊन थंडगार पाण्यानं तीनदा हात धुवायला लावता, आणि नव्यानं बेल तोडून शांतपणे पूजेला बसता. तुमची ती शांती मला आजही सहन होत नाही. शेवटच्या आजारात तुमचे पाय चेपत होते, तेव्हाही मी तुम्हाला माफ केलेलं नव्हतं.

म्हणून यातली एक कोंबडी अंड्यांवर बसली, तेव्हा मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू! तुमच्याच बेलाखाली एक पिल्लू मोठं व्हावं, एवढंच मला हवं होतं. मी कॅलेंडरवर एकवीस दिवस मोजले. मग आणखी दहा. बिचारी उठेचना, वाळून काडी झाली. शेवटी एक अंडं फुटलं आणि अशी घाण सुटली की शेजारचे विचारायला आले. त्याच दिवशी मावशी परतल्या, नाकाला पदर लावून आत डोकावल्या आणि मटकन खालीच बसल्या.

"आवं ताई, कोंबडा कुटं हाय? कोंबड्याबिगर पिलं निघत्यात व्हय?"

एम.ए. झालेली बावन्न वर्षांची बाई मी, आणि मला हे ठाऊक नव्हतं. ज्या घरात अंड्याचं नावसुद्धा कुणी काढलं नाही, तिथं हे मला सांगणार कोण होतं? मावशी पोट धरून हसल्या. मग कोपऱ्यातल्या ढिगाकडे बोट केलं. "अन् ही बाकीची अंडी? ही का न्हाय उचलली?"

"पिल्लांसाठीच ठेवली होती," मी म्हटलं.

अप्पा, ते खोटं होतं. मला त्यांना हात लावता येत नव्हता. रोज जाळीपाशी जायची, हात आत घालायची आणि तसाच मागे घ्यायची. कोंबड्या परत न्यायला आलेल्या मावशींना मी त्या नेऊ दिल्या नाहीत, उलट एक कोंबडा आणायला सांगितला. तो आला की तुमच्या पूजेच्या वेळेला आरवेल. हे पत्र कुठं धाडायचं नाही, तेव्हा एवढं लिहून टाकते. काल मी पहिलं अंडं उचललं. कोमट होतं. ते मावशींच्या हातात दिलं आणि हौदावर गेले. तिसऱ्यांदा हात धुताना माझ्या लक्षात आलं की मी मोजते आहे.