सर्वांसाठी खुला फॉरमॅट, अटी लागू

४ मार्च
आजपासून डायरी. मोठ्या माणसांनी सुरुवातीच्या दिवसांची नोंद ठेवलेली नसते आणि मग पस्तावतात.
झालं असं. आपण गीझरचे सेफ्टी व्हॉल्व्ह बनवतो, म्हणजे बाबा बनवतात. तपासणी ऑफिसचं पत्र आलं. नव्या स्टँडर्डप्रमाणे व्हॉल्व्हचं ड्रॉइंग एका ठरावीक फॉरमॅटमध्येच द्यायचं, आणि तो फॉरमॅट एका कंपनीच्या मालकीचा. नियम ऑफिसचा, किल्ली कंपनीच्या खिशात. आपल्याकडे त्याच कंपनीचा जुनापुराणा प्रोग्राम आहे, तो चालणार नाही. नवीन लायसन्स घ्या. महिनाअखेरपर्यंत ड्रॉइंग गेलं नाही तर सर्टिफिकेट संपणार, आणि मोठं गिऱ्हाईक दुसरीकडे जाणार.
बाबा म्हणाले, घेऊन टाकू लायसन्स. मी म्हटलं, प्रश्न पैशांचा नाही, तत्त्वाचा आहे. ते म्हणाले, पैसे माझे आहेत म्हणून तुला तसं वाटतं.

६ मार्च
ऑफिसला कडक ईमेल टाकली. विषय: ज्ञानाला कुलूप का? ताईने वाचून विचारलं, यात आपल्या वर्कशॉपचं नाव कुठंय? राहिलं होतं. परत पाठवली.

१० मार्च
जिंकलो. ऑफिसचं सर्क्युलर आलं: कुठलाही खुला फॉरमॅट चालेल, फक्त त्याचं लायसन्स लेखी जोडा, आमचा लीगल सेक्शन ते तपासेल. सर्क्युलरवर तारीख ५ आहे आणि माझी ईमेल ६ ची, पण अशा गोष्टी आधीच हवेत पसरतात.
बाबांनी विचारलं, असे फुकटचे फॉरमॅट बाजारात असतीलच ना? आहेत की. पण त्यांच्यात आग नाही. स्वतःचा बनवतोय. दोन दिवसांचं काम.

१७ मार्च
दोन दिवसांचं काम चालू आहे. गोल येतात, आटे येत नाहीत. बाबा म्हणाले, आट्यांशिवाय व्हॉल्व्ह बसवायचा कसा? सांगितलं, आटे व्हर्जन टूमध्ये. हे गीझरला सांग म्हणाले.

२१ मार्च, दुपार
आटे आले. वर्कशॉपची झाडून सगळी ड्रॉइंग्ज माझ्या फॉरमॅटमध्ये आणली आणि जुन्या फाइली डिलीट केल्या. बॅकअपसकट. परतीचा रस्ता उघडा ठेवला की माणूस लेचापेचा होतो. दुसऱ्या फॉरमॅटमध्ये नेणारं एक्सपोर्टचं बटणही मुद्दाम ठेवलं नाही. ताईला इतक्यात सांगत नाही, तिला उगाच टेन्शन येतं.

२३ मार्च
लायसन्स लिहिलं. कलम एक: कोणीही वापरा, फुकट. मग विचार आला, उद्या तीच कंपनी माझा फॉरमॅट गिळून बसली तर? म्हणून कलम दोन: जो कुठलाही बंद, म्हणजे कंपनीच्या मालकीचा, फॉरमॅट वापरतो, त्याने ही फाइल उघडायची नाही. कलम तीन: या अटी कोणालाही बदलता येणार नाहीत, मलासुद्धा नाही. म्हणजे मला विकत घ्यायला आले तरी मी हतबल. स्वतःचंच वाचून अंगावर काटा आला. सही केली. पाठवलं.

२७ मार्च
लीगल सेक्शनमधल्या बाईंचा फोन. म्हणाल्या, ड्रॉइंग पोचलं, पण उघडता येत नाही. विचारलं, टेक्निकल प्रॉब्लेम आहे का? नाही म्हणाल्या, तुमचं कलम दोन. आमच्याकडे सगळ्या कॉम्प्युटरवर बंद फॉरमॅटचेच प्रोग्राम आहेत, तुम्ही आम्हाला मनाई केली आहे. मग काढून टाका ते कलम. मी म्हटलं, मॅडम, कलम तीन वाचा. त्यांनी ते फोनवरच दोनदा वाचलं. आदर वाटला असावा.
मी मार्ग सुचवला: ऑफिसात बंद फॉरमॅट न वापरणारं कोणी असेलच. आहेत म्हणाल्या, गेटवरचे काका. पण व्हॉल्व्ह पास करायचा अधिकार त्यांना नाही.

२८ मार्च
घरी सांगावं लागलं. ताई म्हणाली, "म्हणजे कंपनी पैसे घेऊन तरी उघडू देत होती. तू फुकटातही उघडू देत नाहीस."
मी म्हटलं, विषय इतका सोपा नाही. ती म्हणाली, मग अवघड करून सांग. मग तिने जुन्या फाइलींबद्दल विचारलं. मी पाणी प्यायलो. अजून एक ग्लास प्यायलो.
बाबा ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. चष्मा पुसत म्हणाले, "गिऱ्हाईक गेलं तर लेथवरच्या माणसांना घरी पाठवावं लागेल. त्यांना तुझं कलम तीन तू वाचून दाखव. मला जमणार नाही."

३० मार्च
बाबांनी लायसन्स घेतलं. तरुणांना कंपनी सवलत देते, म्हणून माझ्या नावावर. मी तोंडी निषेध केला आणि सही केली. ताईचा माझ्या फाइलीवर विश्वास नाही, तिने व्हॉल्व्ह खोलून कॅलिपरने मापं घेतली, मी ड्रॉइंग केलं. आटे एका क्लिकमध्ये येतात. प्रोग्राम चांगला आहे हे मी कुठेही म्हणणार नाही. संध्याकाळी ऑफिस बंद व्हायच्या आत पाठवलं.

९ एप्रिल
सर्टिफिकेट आलं. गिऱ्हाईक टिकलं. लेथ चालू आहेत. खुल्या फॉरमॅटच्या चळवळीचं हे पहिलं यश म्हणता येईल, जरा लांबून पाहिलं तर.
बाबा म्हणाले, बाकीच्या व्हॉल्व्हची ड्रॉइंग्ज पण लागतील, तुझ्या फाइलींमधून बघून काढ. बसलो. माउसवर बोट ठेवलं आणि चमकलो. मी आता बंद फॉरमॅटचा अधिकृत वापरणारा आहे. कलम दोन. आजूबाजूला कोणी नव्हतं. तरी फाइल उघडली नाही. बाबांना जाऊन कारण सांगितलं.
ते उठले. व्हॉल्व्हची अख्खी पेटी आणली, माझ्या टेबलावर ठेवली, वर कॅलिपर ठेवला आणि गेले.
पहिला व्हॉल्व्ह मोजून झाला. ताई म्हणते, कॅलिपर उलटा धरलाय.