झग्याची एक बाही

तीर्थरूप आई,
दुरूनच तुझ्या पाया पडते.

तुझे गुडघे कसे आहेत? चिमी बरी आहे.

नवं रक्त तयार करणाऱ्या पेशी, त्या स्टेम सेल, चढवल्यापासून पोरगी अंग धरतेय, तू शिवलेल्या झग्याची बाही घट्ट होते, असं मागच्या पत्रात कौतुकाने लिहिलं होतं. घट्ट एकच बाही होत होती, आई, औषधाची नळी बसवलेल्या बाजूची.

"हात जड झालाय," असं ती म्हणायची आणि मी हसायचे. ती असं म्हणायला लागल्याच्या चौथ्या दिवशी सिस्टरने दोन्ही हात टेपने मोजले, नळीचा हात जाड भरला. सोनोग्राफीत आत रक्ताची गुठळी दिसली.

"कधीपासून सुजलाय?" डॉक्टरांनी विचारलं.

मी म्हणाले, "आजच."

चिमीने माझ्याकडे पाहिलं.

रक्त पातळ होण्याची इंजेक्शनं चालू आहेत, सूज उतरतेय. नव्या झग्याच्या बाह्या सैल शिव म्हटलं होतं, त्या जुन्याच मापाच्या ठेव.

तुझी,
धाकटी