बाहुलीवरचा निबंध

१२ जानेवारी १९३७, अनसिंग
शोध लागला! डोळ्यातल्या बाहुलीला इंग्रजीत प्युपिल म्हणतात. मूळ लॅटिन पुपिल्ला, म्हणजे चिमुकली बाहुली. समोरच्याच्या डोळ्यात आपण तेवढेच दिसतो ना! आपल्याकडेही बाहुलीच. डिक्शनरीत हे छापलेलं आहे, पण मराठीशी जोडणारा मी पहिला. इंग्रजीत निबंध लिहिणार. आठवड्यात.

१५ जानेवारी
पडताळा म्हणून कस्तुराच्या डोळ्यात डोकावलो. माझी छबी दिसेना. दोन्ही बाहुल्या दुधाळ. म्हणाली, मले पोयाच्या सनापासून धुकंच दिसून राह्यलं, तुमाले सांगतलं होतं. मला आठवत नाही. बायको माझी, पण मोघम बोलते.

२० जानेवारी
वाशीमला डोळ्यांचे मोठे डॉक्टर येणार, मोतीबिंदू काढणार. कस्तुराला नेणारच. सोबत निबंध. तो वाचून डॉक्टर मला असिस्टंट नेमतील. आज दोन ओळी झाल्या.

२७ जानेवारी
थंडी. कस्तुराचा हात चुलीवर भाजला. जपून करत जा, असं बजावलं. दोन ओळी खोडल्या. नव्याने सुरुवात.

२ फेब्रुवारी
डॉक्टर आले. शेजारच्या तुळसाबाईंनी गाडी जुंपवली. म्हणाल्या, भाऊजी, चाला ना. अर्धवट निबंध घेऊन मोठ्या माणसापुढे जाणं बरं दिसत नाही. म्हटलं, तुम्ही व्हा पुढे, मी उद्या येतो. कस्तुरा चाचपडत गाडीत चढली.

३ फेब्रुवारी
उद्या नक्की.

६ फेब्रुवारी
थकलो. भाकरी थापता येत नाही. उपाशीपोटी लॅटिन सुचत नाही.

१४ फेब्रुवारी
कस्तुरा परतली. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, वर पट्टी. चष्मा नंतर येणार. मी निघणारच होतो, असं सांगितलं.

९ मार्च, दुपार
चष्मा आला. आज ती आपणहून बोलली. टेबलावर फार थरथरत होती म्हणे. तर डॉक्टर म्हणाले, माय, हालू नोको, आत बाहुली हाये, विलायतेतबी तिले बाहुलीच म्हंतेत. तिला हसू आलं, भीती गेली. प्रत्येक पेशंटला ते हेच सांगतात म्हणे.
मी निबंधाचा कागद उशीखाली सारला.
मग तिने विचारलं, तुमी काहून नाई आले? म्हटलं, निबंध राहिला होता. झाला का मंग? नाही म्हटलं.
तिने चष्म्यातून माझ्याकडे पाहिलं. पुष्कळ वेळ. मग उठून मळ्यात निघाली, वांगी पाहायला. म्हटलं, हात धरू का?
नोको, म्हणाली. दिसते आता मले.