ओसरीच्या सत्तावीस विटा

ता. ३ जानेवारी १९३६, कुरवंडे
आजपासून नवी मेथड. पहिलीच्या मुलांना लांबी शिकवायची ती विटांनी. वीट हातात धरता येते, इंच धरता येत नाही. वाक्य झकास जमलं, डेप्युटीसाहेबांपुढे टाकायचं. साहेब अठराला शाळा तपासायला येणार. खूश झाले की तळेगावला बदली नक्की. तळेगावी बायकोला पत्र टाकलं, प्रमोदिनी, फेब्रुवारीत घरी येतोय, कायमचा.

ता. ६
रखमाजीभाऊंच्या नव्या घराच्या चाळीस विटा मागून आणल्या. भाऊ म्हणाले, न्या मास्तर, पर फोडू नगा.

ता. ८, दुपार
शाळेची ओसरी मोजली. नथूच्या चोवीस विटा झाल्या, बजरंगच्या एकतीस. कुणी वीट आडवी लावतो, कुणी मध्ये फट सोडतो. शिवाय विटा हातच्या, दोन सारख्या नाहीत. मेथड बिनचूक आहे. दोष विटांचा.

ता. ११
चैन नाही. विटा दगडावर घासून सारख्या करतोय. पाच झाल्या, सात मोडल्या. भाऊंना इतक्यात सांगत नाही.

ता. १४
दत्तोबाची सरू म्हणाली, गुरुजी, येवढ्या कशाला? येकच वीट फुडं फुडं ठिवत जाऊ की. मेथडमध्ये हे बसत नाही. तिला खाली बसवलं. ओसरी मी स्वतः मोजली, सत्तावीस. वर्गाकडून उत्तर पाठ करून घेतलं. ही फसवणूक नव्हे, तयारी.

ता. १८, संध्याकाळ
साहेबांनी ओसरीकडे पाहिलंसुद्धा नाही. बाकाकडे बोट दाखवून विचारलं, हा किती विटा? सगळा वर्ग ओरडला, सत्तावीस! सरू तेवढी उठली. एक वीट घेतली, रेघ मारत मारत पुढे सरकवली. म्हणाली, नऊ. साहेबांनी विचारलं, कुणी शिकवलं? मी घसा खाकरला. ती म्हणाली, कुनी न्हाई, गुरुजींनी खाली बसवलंतं.
माझं वाक्य राहूनच गेलं.

ता. २०
शेरा आला. मुलांची समज चांगली. बदलीचा विचार तूर्त नाही. प्रमोदिनीला काय लिहू? तीन कागद फाडले.

ता. २१
भर वर्गात सरूला म्हटलं, मला दाखव. तिनं माझ्या हातात वीट दिली. म्हणाली, आदी रेघ मारा, मंग उचला. बाक मोजला. आठ आले. सगळी मुलं एका सुरात म्हणाली, न्हाई गुरुजी, नऊ.