पेशन्स नव्हे, प्रेसियन्स

ती. आईस नमस्कार.

मी ठीक आहे, वेळेवर जेवते. तुझे गुडघे कसे आहेत?

परवा कामावरच्या मैत्रिणीला सांगितलं, की बाबांनी धडधाकट असतानाच तुला बळेबळे स्कूटर शिकवली. ती म्हणाली, "त्यांना प्रेसियन्स होता." मी ऐकलं 'पेशन्स' आणि मला हसूच आलं. "अगं, ब्रेक दाब, हॉर्न नको!" हे सगळ्या गल्लीला ऐकू जायचं.

मग तिनं अर्थ सांगितला: पुढचं आधीच ओळखण्याचं शहाणपण. तेव्हापासून बाबांचं "मी काय जन्मभर पुरणार आहे तुला?" आठवतंय.

तू स्कूटर विकायची म्हणतेस. विकू नकोस. भाजीला तरी तीच घेऊन जा. फक्त हळू चालव, आता मागे बसून ओरडणारं कुणी नाही.

तुझी,
धाकटी