तपासणी कोणी बंद केली

मी, या घराची आणि खालच्या दुकानाची मालकीण, बॅगा-सुटकेसा दुरुस्त करून पोट भरलेली, चौथीपर्यंत शाळेत गेलेली म्हातारी, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. तळमजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंनी तसा दाखला दिला आहे. आज वार कोणता, असे त्यांनी विचारले, तेव्हा मी म्हटले, तुम्हाला ठाऊक नाही का. त्यांनी पुढे काही विचारले नाही. माझ्यावर कोणाचा दबाव नाही, धाक नाही, आणि लाडीगोडी करायला कोणी येतच नाही. अक्षर माझे आहे. 'स्वकष्टार्जित' आणि 'निर्वेध' असले शब्द वकीलबाईंनी सांगितले, बाकीचे माझ्या तोंडचे आहेत. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. कोणी काढून दाखवले तर ते खोटे समजावे.

कलम १. घर स्वकष्टार्जित आणि निर्वेध आहे, म्हणजे माझ्या पैशाचे आणि कर्जाविना. नवऱ्याने या घरात एक खिळा ठोकला नाही. आरसासुद्धा मी टांगला, आणि तो त्यात बघून भांग पाडत बसला. तो गेला, त्याच्याबद्दल आता तक्रार नाही, फक्त नोंद असावी. मला वारस दोन. एक मुलगा. दुसरी नात, माझ्या गेलेल्या मुलीची मुलगी, जिला मी लहानाची मोठी केली. नातू आहेत, ते मुलाचे, त्यांचे तो बघेल.

कलम २. दुकानातले जाड शिलाईचे मशीन, पकडी, पंच आणि चेनच्या रनरचा डबा शेजारच्या चपलावाल्याच्या बायकोला द्यावा. तिने माझी पकड अनेकदा नेली आणि प्रत्येक वेळी परत आणली. या गल्लीत असे दुसरे माणूस मला भेटले नाही. दुकानाबाहेरची पाटी उतरवून टाकावी. माझ्या नावावर दुसऱ्याने वाईट टाके घातलेले मला चालणार नाहीत.

कलम ३. सुनेला लोखंडी कपाट. आतल्या साड्यांसकट. त्या साड्या जुन्या वळणाच्या आहेत असे ती नेहमी म्हणते, तेव्हा तिला त्या ओळखू येतील.

कलम ४. बँकेतली सगळी शिल्लक नातीच्या लायब्ररीला द्यावी. नातीला नव्हे, लायब्ररीला. नातीला दिली तर ती तिथेच घालणार आहे, पण मला ते लिहून हवे आहे.

ही लायब्ररी म्हणजे काय, ते इथेच सांगते, नाहीतर वाचणारा पुस्तकांची कपाटे शोधत बसेल. नात संगणकाचा कोड लिहिते. दुसऱ्यांनी आपापल्या प्रोग्रामात बसवावा असा तो कोड आहे. त्याने निरोप असा गुंडाळला जातो की वाटेत कोणी उघडला तर त्याला काही कळू नये; आणि निरोप ज्याने पाठवला म्हणतो त्यानेच पाठवला का, हे सही ताडून बघितले जाते. सही जुळली नाही, किंवा पाठवणाऱ्याची ओळख पटवणाऱ्या प्रमाणपत्राची मुदत संपली असली, तर लायब्ररी अडून बसते. पुढे जाऊ देत नाही. ते तिचे कामच आहे. आणि हे सगळे उघड्यावर आहे. कोणीही वाचावे, चूक काढावी, फुकट न्यावे.

फुकट नेणाऱ्यांबद्दल मला बोलायचे आहे. माझ्या गिऱ्हाइकांनी घासाघीस केली, पण बॅग नेताना निदान मान हलवली. हिची गिऱ्हाइके दुनियाभर, आणि बोलतात कशी, तर जणू ही त्यांच्या घरी धुणे धुते. "तुमचे हे भिकार चालत नाही, ताबडतोब दुरुस्त करा." एवढेच. कुठे चालत नाही, काय म्हणते, काही नाही. नात शांतपणे लिहिते, कोणती आवृत्ती वापरता, पडद्यावर आलेला संदेश जसाच्या तसा पाठवता का. मग कळते की महाराज केव्हाची जुनी आवृत्ती घेऊन बसलेत आणि सूचना उघडूनही पाहिलेल्या नाहीत. नाचता येईना अंगण वाकडे. मी म्हटले, अगं, एखाद्याला तरी सरळ कर. ती म्हणाली, "आजी, रागावून उत्तर दिलं की पुढचा माणूस विचारायलाच घाबरतो, आणि न विचारता काहीतरी बंद करून टाकतो." तिचे म्हणणे खरे निघाले. फक्त बंद करणारा आमच्याच घरचा निघाला.

कलम ५. आता मुलाबद्दल.

माझा मुलगा एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे. कंपनीच्या सॉफ्टवेअरमधून दवाखाने रोग्यांचे रिपोर्ट एकमेकांना पाठवतात. आत गुंडाळायला आणि सही ताडायला नातीची लायब्ररी. हे त्याने ऑफिसात कधी सांगितले नाही की भाचीचे काम आहे. फुकटच्या वस्तूची ओळख कोण देतो.

एके सकाळी त्याचा फोन आला. नात पोळपाटाशी होती, हात पिठाचे, म्हणून फोन स्पीकरवर ठेवून टेबलावर. मी समोर बसले होते. जे ऐकले ते लिहिते.

"अगं, तुझी लायब्ररी अडून बसलीय. सकाळपासून एकच रड, पडताळणी अयशस्वी."

"मामा, त्याच्यापुढे काय लिहिलंय?"

"पुढचं राहू दे. चालू कशी करायची ते सांग."

"वाच ना पुढचं."

त्याने वाचले. नात म्हणाली, "हे बघ, तीच सांगतेय. तुमच्या सर्व्हरच्या प्रमाणपत्राची मुदत संपलीय. नवं घ्या, लगेच सुरू होईल."

"त्याला वरून परवानगी लागते आणि साहेब रजेवर. तपासणी बंद करायची सोय आहे ना तुझ्यात?"

"आहे. ती आपल्या टेबलावर चाचणी करताना वापरायला. खऱ्या रोग्यांच्या कागदांवर नको. पहारेकऱ्याचे डोळे बांधून त्याला दारात उभं करशील."

"तात्पुरतं गं."

"तात्पुरतंही नको, मामा."

"बरं बरं, शहाणे." आणि फोन ठेवला.

'तात्पुरते' या शब्दाबद्दल माझे मत सांगते. माझ्याकडे गिऱ्हाईक यायचे, आजी, बॅगेचा बंद तुटलाय, तात्पुरती पिन लावा. मी लावत नसे. पिन लावली की माणूस विसरतो आणि भर रस्त्यात त्याचे कपडे लोकांच्या पायाखाली येतात.

मुलाने पिन लावली. तपासणी बंद केली, काम सुरू झाले, शाबासकी मिळाली, आणि हा विसरला. कोणीतरी मधे येऊन बसला, मी दवाखाना आहे म्हणाला, आणि सही मागायला कोणी जागे नव्हतेच. सगळे रिपोर्ट त्याच्या हाती. कोणाला काय आजार, कोणाचे काय काढले, कोणाचे मूल कशाने गेले, सगळे चव्हाट्यावर. डॉक्टरीणबाईंकडे औषधाला येणारी एक बाई नोकरीवर जायची थांबली, कारण तिचा आजार ऑफिसात तिच्या आधी पोचला होता.

आणि कंपनीने जाहीर काय केले? 'आम्ही वापरत असलेल्या एका मोफत लायब्ररीत त्रुटी आढळली.' लायब्ररीचे नाव दिले. म्हणजे माझ्या नातीचेच दिले. चोराच्या उलट्या बोंबा.

मी मुलाला बोलावले. तो याच टेबलाशी बसला.

"खरं काय ते बोल," मी म्हटले.

"आई, दोन दिवसांपुरती बंद केली होती. मधे दुसरं काम आलं, राहून गेलं."

"मग तसं सांग त्यांना."

"सांगितलं तर मी गेलो, आई. मला घरदार आहे. तिचं काय जातंय? तिला कुठे पगार आहे जायला?"

हे वाक्य त्याने माझ्या घरात, माझ्या खुर्चीवर बसून, मी केलेला चहा पिता पिता म्हटले. ते इथे लिहिले आहे, आणि मी मेले तरी खोडले जाणार नाही.

तिचे काय गेले ते मी सांगते. पक्की होत आलेली नोकरी गेली. तिथल्या लोकांनी कळवले की सध्याच्या परिस्थितीत थांबू या. रोज शिव्या येतात, आणि त्यांत आता आवृत्ती विचारायची सोय नाही. तिच्याबरोबर फुकट राबणारी दोन माणसे आहेत, लांबच्या देशातली एक बाई आणि एक निवृत्त मास्तर. ते दोघे आणि ही, ओळ न् ओळ उलटी करून लायब्ररीतले भोक शोधत आहेत. जे भोक नाहीच ते. न फाटलेली पिशवी उजेडात धरून बसलेत. हिला ठाऊक आहे की सापडणार नाही, आणि ती त्या दोघांना सांगतही नाही. कंपनीकडे तिने मागितले, तुमच्या सेटिंग तेवढ्या दाखवा. उत्तर आले, ते गोपनीय आहे. चोरट्याला सगळे दाखवले, हिला गोपनीय.

मी म्हटले, मामाचे नाव घे. ती म्हणाली, "पुरावा त्यांच्या कुलपात आहे, आजी. आणि मामाची मुलं शाळेत आहेत." आता तिने लायब्ररी बंद करत असल्याची सूचना लिहून ठेवली आहे. या आठवड्यात ती लावणार. मग चांगली वस्तू जाईल, लोक कसलीतरी दुसरी बसवतील, आणि खोटे तेवढे टिकेल.

कलम ६. [हे कलम मी माझ्या हाताने खोडले आहे. बाजूला सही आहे.] यात मी लिहिले होते की मुलाने स्वतःच्या नावाने खरे लिहून दिले तरच त्याला घरात हिस्सा. नातीने कच्चा कागद वाचला आणि म्हणाली, "घर देऊन लिहून घेतलंस, तर लोक म्हणतील घरासाठी लिहिलं. मग खरं असूनही कोणी धरणार नाही." मला राग आला, कारण तिचे म्हणणे खरे होते. म्हणून खोडले.

कलम ७. घर दोघांना, विनाअट. वरचा मजला मुलाला. मधला मजला, स्वयंपाकघर आणि जिथे नातीची यंत्रे आहेत ती खोली धरून, नातीला. दवाखान्याचे आणि दुकानाच्या गाळ्याचे भाडे दोघांत सारखे. डॉक्टरीणबाईंना कोणी उठवू नये. जिना दोघांचा समाईक, त्याची वाटणी मागता येणार नाही, आणि बाहेरून दुसरा जिना बांधायला माझी सक्त मनाई आहे. वर जाणाऱ्याला मधल्या दारावरूनच जावे लागेल.

कलम ८. मृत्युपत्र मेल्यावर वाचतात, हे मला माहीत आहे. पण मला मरायला अजून वेळ आहे आणि लायब्ररी बंद करायच्या त्या सूचनेला नाही. म्हणून वकीलबाईंना लेखी अधिकार देते की कलम पाचची नक्कल, माझ्या सहीची आणि त्यांच्या शिक्क्याची, त्यांनी उद्याच लायब्ररीच्या तक्रारी लिहायच्या पानावर लावावी, आणि कंपनीला व सगळ्या दवाखान्यांना पाठवावी. फोन मी कानाने ऐकला. कबुली मी समोर बसून ऐकली. कोणाला मला विचारायचे असेल त्याने यावे, मी घरीच असते. नातीला याबाबत विचारलेले नाही. विचारले तर नको म्हणेल, आणि तिचे एकदा ऐकून झाले आहे.

आईने पोराचे असे करावे का, असे सून म्हणेल. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे, हे मला जमले असते, पण इथे दोन्ही आपलीच आहेत. एकाने दुसरीला बुडवले आणि बुडताना तिने त्याचे पाय ओले होऊ दिले नाहीत. मी काठावर उभी राहून गंमत बघणार नाही.

कलम ९. माझ्यामागे रडारड नको. शरीराचे काही कोणाच्या उपयोगी पडत असेल तर डॉक्टरीणबाईंनी ठरवावे. मांडीवर घेऊन काढलेला माझा एक जुना फोटो आहे, मुलगा डावीकडे, मुलगी उजवीकडे. तो कोणाला द्यावा ते मला सुचत नाही. भांडून घ्यावा.

कलम १०. कलम पाचखाली मी एक ओळ कोरी सोडली होती, मुलाने 'हे खरे आहे' असे लिहून सही करायला. आज सह्यांच्या आधी त्याला बोलावले. तो आला, उभ्याने सगळे वाचले. घर विनाअट मिळाले तेही वाचले. मी पेन पुढे केला. तो म्हणाला, "आई, उद्या विचार करून सांगतो." मग जिना उतरून गेला. आम्ही सगळे थांबलो. साक्षीला आलेल्या समोरच्या चष्मेवाल्याने दुकानात गिऱ्हाईक असूनही थांबायची तयारी दाखवली, त्याचे आभार.

शेवटी वकीलबाई म्हणाल्या, आजी, मृत्युपत्रात कोरी जागा ठेवता येत नाही, मागून कोणीही काहीही भरतो. म्हणून त्या जागेवर मी या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ मारली आहे. रेघ वाकडी आहे. ती माझीच आहे.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला, आणि त्यातला एकही शब्द मला परत घ्यायचा नाही.

ठिकाण: माझे स्वयंपाकघर.
दिनांक: वकीलबाईंच्या शिक्क्यावर आहे तोच. माझ्या दुकानाच्या सुट्टीचा दिवस.

लिहून देणार: (सही) बॅगवाली आजी. पूर्ण नाव पाकिटावर.

आमच्यासमक्ष सही केली, आम्हाला यातून कसलाही वाटा मिळणार नाही:

साक्षीदार १: (सही) डॉक्टरीणबाई, तळमजला.
साक्षीदार २: (सही) चष्मेवाला, समोरचे दुकान.

कलम पाचखालील रेघ आमच्या डोळ्यांदेखत मारली. त्या जागी सही नव्हती.
(सही) (सही)